दान पडण्यापूर्वी : युद्धखेळ, पंच आणि नियमांचे मौन

१/
मे १९४२ चा पहिला आठवडा. जपानच्या अंतर्गत समुद्रात नांगरलेल्या ‘यामातो’ या युद्धनौकेवर संयुक्त आरमाराचे अधिकारी नकाशाभोवती जमले होते. मिडवे बेटांवरील नियोजित हल्ल्याची ती खेळातील रंगीत तालीम होती. बेटावरून उडालेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला चढवला, असा प्रसंग खेळात आला. पंचाचे काम करणाऱ्या ओकुमिया मासाताके यांनी फासे टाकले, तक्ता पाहिला आणि निकाल सांगितला : नऊ बॉम्ब अचूक पडले, ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन्ही नौका बुडाल्या.

२/
खेळाचे सूत्रसंचालन आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी मातोमे यांच्याकडे होते. त्यांनी तिथल्या तिथे निकाल फिरवला. अचूक पडलेले बॉम्ब नऊ नसून तीन धरावेत, असे त्यांनी सांगितले. ‘आकागी’ वाचली, एकटी ‘कागा’ बुडाली. आणि मोहिमेच्या पुढच्या टप्प्याचा खेळ सुरू झाला तेव्हा बुडालेली ‘कागा’ही पुन्हा पाण्यावर होती. महिनाभरानंतर, ४ जून १९४२ रोजी, खऱ्या मिडवेच्या लढाईत ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ आणि ‘हिर्यू’ या चारही नौकांवर प्राणांतिक आघात झाले.

३/
ही हकिकत बहुधा सत्ताधाऱ्यांच्या अहंकाराचा दाखला म्हणून सांगितली जाते. ती मुख्यतः फुचिदा मित्सुओ आणि ओकुमिया यांच्या युद्धोत्तर पुस्तकातून आली आहे आणि फुचिदांच्या इतर काही दाव्यांवर इतिहासकारांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय युद्धखेळांचे अभ्यासक पीटर पर्ला यांनी एक अवघड मुद्दा मांडला आहे. प्रत्यक्ष लढाईत मिडवेवरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांवर पडला नाही. त्या नौका अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी बुडवल्या. म्हणजे बेटावरच्या विमानांना नऊ अचूक बॉम्ब देणे हेच अवास्तव होते, असेही म्हणता येते.

४/
मग उगाकींचे चुकले कुठे? त्यांचा आकडा कदाचित बरोबर असेल, पण त्यांनी तो उच्चारला दान पडल्यानंतर. आणि तोही ज्या योजनेची परीक्षा चालली होती तिच्याच बाजूचे असताना. ‘या विमानांचा नेम इतका अचूक मानू नये’ हे वाक्य फासे हातात असताना उच्चारले गेले असते, तर तो एका जाणकाराचा अभिप्राय ठरला असता. फासे टेबलावर थांबल्यावर तेच वाक्य निकालाची मोडतोड ठरले. संदिग्ध नियमांचा प्रश्न सोडवण्याची सारी विद्या या एका फरकात सामावलेली आहे.

५/
हा प्रश्न केवळ सेनापतींचा नाही. रंगवलेल्या लघुप्रतिमा, पुठ्ठ्याच्या टेकड्या आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर लढाया खेळणाऱ्या प्रत्येकापुढे तो उभा राहतो. नियमपुस्तक एका क्षणी गप्प होते. दोन्ही बाजूंना आपलेच म्हणणे रास्त वाटते. खेळ थांबतो आणि वाद सुरू होतो. गेल्या दोनशे वर्षांत या मौनावर तीन उपाय योजले गेले : अधिक नियम, अधिक अधिकार असलेला पंच, आणि फासा. तिघांचाही इतिहास पाहिल्याशिवाय यांतला कोणता केव्हा वापरावा हे कळत नाही.

६/
सुरुवात बुद्धिबळाच्या पटापासून झाली. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचा विस्तार करून रणभूमीचा खेळ रचला. घरे पुष्कळ, भूप्रदेश वेगवेगळा, तरी सोंगटी या घरात आहे की त्या घरात, याविषयी शंका नाही. चौकटीचा हा मोठा गुण : ती वादाला जागाच ठेवत नाही. पण खरी टेकडी चौकोनी नसते आणि खरी पलटण घराच्या मधोमध थांबत नाही. रणभूमी जितकी खरी होत जाते, तितक्या शंका वाढत जातात. संदिग्धता ही वास्तवतेसाठी मोजलेली किंमत आहे.

७/
ती किंमत पहिल्यांदा पूर्णपणे चुकती केली ती प्रशियाच्या एका तोफखाना लेफ्टनंटाने. गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी वडिलांनी सुरू केलेल्या खेळाला नवे रूप देऊन १८२४ मध्ये आपले ‘क्रीग्सश्पील’ प्रसिद्ध केले. चौकटी गेल्या आणि त्यांच्या जागी १:८००० प्रमाणाचे स्थलवर्णनात्मक नकाशे आले. एक डाव म्हणजे लढाईतील दोन मिनिटे. खेळाडू लेखी हुकूम देत. शत्रूच्या ज्या तुकड्या दिसणे शक्य नाही त्या नकाशावर मांडल्याच जात नसत. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांनी हे प्रात्यक्षिक पाहिले आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, असा अभिप्राय देऊन सैन्याला त्याची शिफारस केली.

८/
या रचनेच्या केंद्रस्थानी पंच होता. हुकूम वाचणे, तुकड्या हलवणे, कोणाला काय दिसते ते ठरवणे आणि ज्याचा नियमात उल्लेख नाही त्याचा निवाडा करणे, ही सारी कामे त्याची. पण राइसविट्झ यांनी त्याच्या हाती फासेही दिले. गोळीबाराचा परिणाम आणि हातघाईचा निकाल फासा सांगे; दोन्ही बाजूंच्या बलाबलाप्रमाणे फाशाची गुणोत्तरे वेगळी असत. कोणाचे पारडे किती जड, हे आधी ठरे आणि दान नंतर पडे. पंच जाणता असावा, पण शेवटचा शब्द त्याचा नसावा, अशी ही सूक्ष्म वाटणी होती. पुढच्या पिढ्यांनी ती मोडली, आणि मोडताना दोन विरुद्ध टोके गाठली.

९/
पहिले टोक नियमांचे. पुढच्या अर्धशतकात तक्ते वाढले, अपवाद वाढले, अपवादांचे अपवाद आले. पंच नकाशाकडे कमी आणि पुस्तकाकडे अधिक पाहू लागला. लढाईतल्या काही मिनिटांचा निवाडा करण्यात खूप वेळ जाऊ लागला आणि तरुण अधिकारी कंटाळू लागले. १८७३ मध्ये याकोब मेकेल यांनी या जडत्वावर टीका केली. १८७६ मध्ये युलियुस फॉन व्हर्डी द्यू व्हर्न्वा यांनी तर तक्ते आणि फासे दोन्ही बाजूला सारले. त्यांच्या ‘मुक्त’ क्रीग्सश्पीलमध्ये अनुभवी पंचाने परिस्थिती पाहावी आणि स्वतःच्या जाणिवेने निकाल द्यावा, एवढेच अपेक्षित होते.

१०/
दुसरे टोक ते हेच. मुक्त पद्धतीने खेळ वेगवान झाला, यात शंका नाही. १८६६ आणि १८७०–७१ ची युद्धे प्रत्यक्ष लढलेले अधिकारी पंच म्हणून बसत, तेव्हा त्यांचा शब्द कोणत्याही तक्त्याहून सकस होता. परंतु अनुभव वारशाने मिळत नाही. तो पंच गेला की त्याच्या खुर्चीवर केवळ हुद्दा उरतो. आणि वरिष्ठाचा निवाडा चुकीचा वाटला तरी कनिष्ठ अधिकारी त्याला बोट लावू शकत नाही. मुक्त पद्धत चांगल्या पंचाबरोबर उत्तम चालते, पण वाईट पंचापासून रक्षण करण्याचे कोणतेही साधन तिच्यापाशी नाही. ‘यामातो’वर जे घडले, त्याचे बीज याच जागी आहे.

११/
दिवाणखान्यातल्या खेळाने तिसरी वाट धरली. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ प्रसिद्ध केले. खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर लाकडी गोळा उडवी आणि शिशाचा सैनिक खरोखर पडे. वेल्स यांना लष्करी क्रीग्सश्पील नीरस वाटे. तिथे पावलोपावली पंच आडवा येतो, ही त्यांची मुख्य तक्रार. त्यांनी निवाड्याचे काम जणू भौतिकशास्त्राकडेच सोपवले. पुढे न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट यांच्या नौदल खेळात खेळाडू जमिनीवर मांडलेल्या लाकडी नौकांमधले अंतर नजरेने ताडून लिहून देत आणि पंच नंतर ते मोजत. इथेही तेच सूत्र : आधी बोल, मग माप.

१२/
राइसविट्झ यांचा पंच मात्र संपला नव्हता. अमेरिकी लष्करी अधिकारी चार्ल्स टॉटन यांचे ‘स्ट्रॅटेगॉस’ हे १८८० चे पुस्तक मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागले. खेळाडूने काहीही करू पाहावे, त्याचे फलित पंचाने ठरवावे, ही कल्पना त्यांनी उचलली आणि १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ मांडला. त्या वर्तुळातून डेव्ह आर्नेसन पुढे आले आणि १९७४ मध्ये त्यांनी व गॅरी गायगॅक्स यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केले. आज जगभर ज्याला ‘डन्जन मास्टर’ म्हणतात, तो वंशावळीने प्रशियाच्या छावणीतील पंच आहे.

१३/
लघुप्रतिमांच्या खेळात मात्र पंचाची खुर्ची हळूहळू रिकामी झाली. त्याचे कारण साधे आहे. मित्र दोनच असतात आणि दोघांनाही खेळायचे असते. १९८७ चा ‘वॉरहॅमर ४०,०००’ तिसऱ्या व्यक्तीला गृहीत धरून लिहिला होता; नंतरच्या आवृत्त्या दोघांपुरत्या झाल्या. त्याआधीच इंग्लंडमध्ये फिल बार्कर यांनी प्राचीन काळाच्या युद्धांचे नियम इतक्या आटोपशीर आणि काटेकोर वाक्यांत लिहिले होते, की त्या भाषेलाच खेळाडूंनी थट्टेने ‘बार्करीज’ असे नाव दिले. पंच नाही म्हणून वाक्याने पंच व्हायचे, हा तो प्रयत्न. पण वाक्य कितीही घट्ट विणले, तरी त्याचा अर्थ लावणारी माणसे दोनच असतात आणि ती परस्परविरोधी बाजूंची असतात.

१४/
इथे एक भेद केला नाही तर सर्व उपाय वाया जातात. टेबलावरचे वाद तीन जातींचे असतात. पहिला वस्तुस्थितीचा : अंतर सहा इंच भरते की पाव इंच कमी पडते, झाडामागचा सैनिक दिसतो की नाही, पुठ्ठ्याच्या कडेला तिरपा टेकलेला फासा धरायचा का. दुसरा नियमांच्या संघर्षाचा : एक नियम ‘हो’ म्हणतो, दुसरा ‘नाही’. तिसरा मौनाचा : या प्रसंगाविषयी पुस्तकात एक अक्षरही नाही. बहुतेक भांडणे चिघळतात, कारण एक खेळाडू पहिल्या जातीविषयी बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्या.

१५/
वस्तुस्थितीच्या वादावर उपाय हेतू आधी सांगण्याचा. ‘ही पलटण मी तोफेच्या पल्ल्याबाहेर ठेवतो आहे,’ असे हलवतानाच म्हटले आणि समोरच्याने ते मान्य केले, की नंतर पाव इंचाने काही बिघडत नाही. तिरपा फासा सदैव पुन्हा टाकायचा. सहा आला असेल तेव्हाही आणि एक आला असेल तेव्हाही. जो फक्त वाईट दान तिरपे पडले असता पुन्हा टाकतो, तो आपल्या परीने ‘कागा’ पाण्यावर काढत असतो.

१६/
नियमांच्या संघर्षाचा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. उत्सर्ग आणि अपवाद ही जोडी व्याकरणशास्त्राने फार पूर्वी घडवली : सामान्य विधान आणि विशेष विधान यांत विशेष बलवान. पाणिनीने तर समान बळाचे दोन नियम एकाच जागी लागू होऊ पाहत असतील तर कोणता धरावा, याचाही नियम आपल्या ग्रंथातच घातला. त्याच्या क्रमात जो नंतर येतो तो चालतो. त्यातला धडा उत्तरापेक्षा पद्धतीत आहे. संघर्ष होणार हे नियमकाराने आधीच जाणले आणि तो सोडवण्याची रीत संघर्षापूर्वी सांगून ठेवली. युद्धखेळाच्या पुस्तकात अशी दोन वाक्ये असली, तर पुढची वीस पाने वाचतात.

१७/
उरते ते मौन, आणि इतिहासप्रेमींना खरा रस इथेच असतो, कारण नियम गप्प झाले की इतिहासाला बोलावे लागते. एक उदाहरण घ्यावे. पायदळाने संगिनी रोखून पोकळ चौकोनी व्यूह रचला की घोडदळ तो फोडू शकत नाही, असे नेपोलियनकालीन खेळांत सर्वसाधारणपणे धरले जाते. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लूला फ्रेंच घोडदळाने वारंवार चढाया केल्या, तरी दोस्तांचे व्यूह टिकले. दाखला भक्कम आहे. पण २३ जुलै १८१२ रोजी स्पेनमधील गार्सिया हर्नांडेझ येथे ‘किंग्ज जर्मन लीजन’च्या जड घोडदळाने फ्रेंचांचा व्यूह फोडला. गोळी लागलेला घोडा स्वारासह संगिनींवर कोसळला आणि रांगेला खिंडार पडले, असे सांगितले जाते.

१८/
आता टेबलावर अर्धवट रचलेल्या व्यूहावर घोडदळ आदळले आणि पुस्तक गप्प राहिले, तर एक खेळाडू वॉटर्लू पुढे करील आणि दुसरा गार्सिया हर्नांडेझ. दोघेही खरे बोलत असतील. इतिहास अनेकदा निकाल देत नाही. तो शक्यता सांगतो. म्हणून ‘व्यूह फुटला’ किंवा ‘व्यूह टिकला’ असा निवाडा करणे म्हणजे इतिहासाला त्याच्या कुवतीबाहेरचे बोलायला लावणे होय. व्यूह पूर्ण असता तर फुटण्याची शक्यता फार थोडी; अर्धवट आहे म्हणून बरीच अधिक; तेव्हा फाशावर तीन किंवा कमी आल्यास फुटेल, असे म्हणणे प्रामाणिक आहे. जाणकाराने शक्यता ठरवावी आणि निकाल फाशाने द्यावा. राइसविट्झ यांची वाटणी ती हीच.

१९/
यावर दोन आक्षेप येतात. पहिला : फासा टाकणे म्हणजे विचाराचा पराभव. हा आक्षेप अंशतः खरा आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या काही आवृत्त्यांत वाद मिटत नसेल तर एक ते तीनला एका खेळाडूचे, चार ते सहाला दुसऱ्याचे म्हणणे मानावे, असा सल्ला आहे. पुस्तक न वाचताच तो वापरला तर तो आळस ठरतो, आणि निरर्थक दावा करणाऱ्यालाही निम्मी संधी मिळते. म्हणून आधी मजकूर वाचावा, मग नियमाचा हेतू शोधावा आणि दोन्ही दावे खरोखर तुल्यबळ ठरले तरच समसमान फासा टाकावा. फाशाचा गुण शहाणपणाचा नाही. जिंकण्यात त्याचा स्वार्थ नसतो, हा त्याचा गुण.

२०/
दुसरा आक्षेप : इतका खटाटोप कशासाठी, जाणत्या माणसाला निर्णय देऊ द्यावा. त्याचे उत्तर त्याच वर्षी, १९४२ मध्ये, लिव्हरपूलमध्ये मिळते. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि महिला नौदल सेवेच्या तरुणी यांनी तिथे खोलीच्या जमिनीवर अटलांटिक महासागर मांडला. खेळाडूंना पडद्याच्या फटीतून, जहाजावरून दिसेल तेवढेच दिसे. पाणबुड्यांचे मार्ग खडूने अशा रंगात आखले जात, की त्यांना ते दिसू नयेत. या खेळातून पाणबुड्यांविरुद्ध नवे डावपेच निघाले. अॅडमिरल मॅक्स हॉर्टन यांना तिथल्या एका तरुणीने ओळीने पाच वेळा हरवल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. अॅडमिरल हरले म्हणून कोणी निकाल फिरवला नाही.

२१/
‘यामातो’वर आणि लिव्हरपूलमध्ये दोन्हीकडे जाणती माणसे होती. फरक एवढाच, की एका ठिकाणी हुद्दा निकालाच्या वर होता आणि दुसऱ्या ठिकाणी खाली. खेळाकडून शिकायचे असेल तर त्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभा द्यावी लागते. जो खेळ अप्रिय निकाल देऊ शकत नाही, तो आधीच ठरलेले मत नकाशावर पुन्हा मांडतो, इतकेच.

२२/
म्हणून टेबलाभोवती बसणाऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. वाद कोणत्या जातीचा आहे हे प्रथम ठरवावे. मौनाच्या प्रसंगी शक्यता मोठ्याने उच्चारून दोघांनी मान्य करावी आणि मगच फासा उचलावा. दिलेला निर्णय कागदावर लिहावा आणि तो खेळ संपेपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच लावावा, आपल्यावर उलटला तरीही. आणि तो निर्णय योग्य होता का, याची चर्चा खेळानंतर करावी. तेव्हा कोणाचेही काही पणाला लागलेले नसते आणि पुस्तके उघडून निवांत बोलता येते. पुढच्या खेळासाठी नवा नियम त्या चर्चेतून जन्मतो.

२३/
परिपूर्ण नियमपुस्तक कधी लिहिले जाणार नाही, कारण रणभूमीवर काय काय घडू शकते याची यादी कोणालाच करता येत नाही. गार्सिया हर्नांडेझचा घोडा कोणत्याही तक्त्यात नव्हता. नियम कुठेतरी गप्प होणारच. त्यात नियमकाराचा दोष नाही. त्या मौनात कोणी बोलायचे आणि केव्हा बोलायचे, हे आधी न ठरवणे हा मात्र खेळणाऱ्यांचा दोष आहे. उगाकींना बॉम्बची संख्या पटली नसेल, तर ते म्हणण्याची वेळ होती. ती फासे हातातून सुटण्यापूर्वीची होती.

(समाप्त)